सूनमुखाचा आरसा आणि फ्लॅशची निवड
(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या सत्रात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी आम्हा वक्त्यांना दोन अटी घातल्या होत्या. आपल्या नोकरीधंद्याबाहेरच्या विषयावर बोलायचं, आणि ऐकणाऱ्याला घरी गेल्यावर उपयोगी पडेल असं काहीतरी सांगायचं. मी पडले सॉफ्टवेअरवाली. माझ्या नोकरीबद्दल मी बोलले असते तर अर्धा वर्ग पुन्हा एकदा मागच्या बाकांवर झोपला असता, त्यामुळे पहिली अट मला सोयीचीच वाटली. दुसऱ्या अटीचं उत्तर आपल्या व्हॉट्सॲप गटाने दिलं. गेल्या दोन-तीन वर्षांत त्या गटावर मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न आहे, "अगं, फ्लॅश कुठला घेऊ?" कुणाच्या मुलीला कॅमेरा घेतलाय, कुणाच्या भाच्याचं लग्न ठरलंय, एकाने तर लग्नांचे फोटो काढण्याचा जोडधंदाच सुरू केलाय. मी दर वेळी "विषय मोठा आहे, भेटल्यावर सांगते" म्हणून वेळ मारून नेली. आज तुम्ही सगळे भेटला आहात, त्यामुळे पळवाट नाही.

पण कुठला घेऊ याच्या आधी, मी या भानगडीत कशी पडले ते सांगते.

२००९ साली माझ्या धाकट्या भावाचं लग्न होतं. मी नुकताच एक डिजिटल एसएलआर कॅमेरा घेतला होता आणि तो गळ्यात अडकवून मिरवत होते. लग्नाला रीतसर फोटोग्राफर होताच, पण "घरचे फोटो ताई काढेल" असं ठरलं. लग्न लागलं, जेवणं झाली आणि सूनमुख पाहण्याची वेळ आली. आई खुर्चीवर, शेजारी नवी नवरी, आणि समोर मावशीने धरलेला हातभर लांबीचा आरसा. आईने आरशात सुनेचा चेहरा पाहिला आणि ती हसली. ते हसू नेहमीचं नव्हतं. डोळे भरलेले, ओठ दुमडलेले, आणि तरी हसतेय. फोटोग्राफर त्या वेळी स्टेजवर पाहुण्यांच्या रांगेत अडकलेला. मी दोघींच्या मागे उभी होते. दोघींच्या डोक्यांच्या मधून कॅमेरा आरशावर रोखला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याचा डोक्यावरचा छोटा फ्लॅश टिचकन उघडला आणि उडाला.

फोटोत काय आलं? आरशाच्या मधोमध एक पांढरा शुभ्र गोळा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना धुक्यात बुडालेले दोन चेहरे. मी लगेच दुसरा फोटो काढायला गेले, तर फ्लॅश तयार नव्हता. तीन-चार सेकंद तो विजेचा साठा भरून घेत बसला. तेवढ्यात मावशीने आरसा खाली ठेवला आणि आई कुणाशी तरी बोलायला वळली.

त्या वेळी मी फारसं मनावर घेतलं नाही. २०१७ साली आई गेली. भिंतीवर लावायला तिचा चांगला फोटो शोधायला आम्ही भावंडं बसलो तेव्हा कळलं, की मी काढलेल्या शेकडो फोटोंत आई आहे, पण एकातही ती आईसारखी दिसत नाही. चेहरा पांढराफटक, कपाळ चमकतंय, डोळे लाल, मागच्या भिंतीवर गडद काळी सावली. शेवटी स्टुडिओवाल्याच्या एका समूहफोटोतून तिचा चेहरा कापून मोठा केला. तोच आज घरी आहे.

मग मी फ्लॅश म्हणजे काय हे मुळापासून समजून घ्यायला बसले. आणि आश्चर्य म्हणजे मला लागणारं बहुतेक सगळं आपल्याला याच शाळेत, विज्ञानाच्या बाईंनी शिकवून झालं होतं. बाई समोरच बसल्या आहेत, त्यामुळे चुकले तर लगेच कळेल!

पहिला नियम, आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. माझा कॅमेरा आणि फ्लॅश आरशाच्या बरोबर समोर होते, म्हणून फ्लॅशचा उजेड आल्या वाटेने परत भिंगात शिरला. मी दोन पावलं आईच्या बाजूला सरकले असते, तर आरशात मला माझा कॅमेरा दिसलाच नसता, तिरका कोन होऊन फक्त सून दिसली असती. आणि ज्या वाटेने तिचा चेहरा माझ्या भिंगात आला असता, त्याच वाटेने उलटा माझा उजेड तिच्या चेहऱ्यावर गेला असता. इतकं सोपं होतं. लाल डोळ्यांचं कारणही हेच. फ्लॅश भिंगाला खेटून असला की उजेड बाहुलीतून आत जातो आणि डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून, रक्तवाहिन्यांचा लाल रंग घेऊन, सरळ भिंगाकडे परततो.

दुसरा नियम व्यस्त वर्गाचा. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. समूहफोटोत पहिली रांग फ्लॅशपासून २ मीटरवर आणि शेवटची ४ मीटरवर असेल, तर मागच्यांना पुढच्यांच्या एक चतुर्थांश उजेड मिळतो. म्हणून पुढचे काका भुतासारखे पांढरे आणि मागची मुलं अंधारात.

तिसरी गोष्ट परीक्षेला नव्हती, पण रोज डोळ्यांना दिसते. उजेडाचा उगम जितका मोठा, तितकी सावली मऊ. निरभ्र दुपारी सावली धारदार पडते आणि ढगाळ दिवशी जवळजवळ पडतच नाही, कारण तेव्हा अख्खं आभाळ दिवा झालेलं असतं. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश आगपेटीएवढा. त्याचा उजेड चेहऱ्यावर कठोरच पडणार.

या तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की बाहेरचा, म्हणजे वेगळा विकत घेऊन कॅमेऱ्याच्या डोक्यावरच्या खाचेत बसवायचा फ्लॅश कशासाठी हवा ते आपोआप कळतं. तो जास्त उजेड देतो म्हणून नाही. त्याचं डोकं वळवता येतं, आणि लागलं तर तो कॅमेऱ्यापासून काढून लांब ठेवता येतो, म्हणून.

मी मात्र पहिली खरेदी चुकीची केली. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी दुकानात जाऊन "सगळ्यात मोठा आकडा कशाचा?" असं विचारून एक फ्लॅश घेतला. डब्यावर गाइड नंबर भला मोठा छापला होता. घरी आल्यावर कळलं, त्याचं डोकं फक्त वर-खाली व्हायचं, डावी-उजवीकडे वळायचंच नाही. कॅमेरा उभा धरून फोटो काढायला गेलं की छताऐवजी बाजूच्या भिंतीवर उजेड जायचा, किंवा थेट शेजारी बसलेल्या पाहुण्याच्या डोळ्यांत. तो फ्लॅश कपाटात पडून राहिला. दोष माझाच, मी आकड्याला भुलले.

म्हणून आधी त्या आकड्याचं बोलू. गाइड नंबर म्हणजे अंतर गुणिले भिंगाच्या छिद्राचा एफ-क्रमांक, तोही आयएसओ १०० ला. गाइड नंबर ३६ असेल, तर साडेचार मीटरवरच्या माणसाचा फोटो एफ ८ ला नीट उजळेल, कारण साडेचार आठे छत्तीस. इथवर ठीक. पण फ्लॅशच्या डोक्यात पुढेमागे सरकणारी यंत्रणा असते, ती उजेड पसरवते किंवा एकवटते. एकवटला की आकडा वाढतो. कॅनन आपल्या ६०० ईएक्स-आरटी या फ्लॅशचा गाइड नंबर ६० सांगते, तो उजेड २०० मिलिमीटर भिंगासाठी एकवटल्यावर. निकॉन आपल्या एसबी-९१० चा आकडा ३४ सांगते, तो ३५ मिलिमीटरला. कॅननचा तोच फ्लॅश ३५ मिलिमीटरला लावला तर आकडा ३६ होतो. म्हणजे ६० आणि ३४ वाटणारे हे दोन फ्लॅश प्रत्यक्षात जवळजवळ सारख्या ताकदीचे. तेव्हा दोन डबे शेजारी ठेवून आकडे बघाल, तर तो आकडा किती मिलिमीटरला मोजलाय ते आधी बघा.

आता खरेदीच्या वेळी विचारायचे प्रश्न. हे मला शिकवले आपल्याच वर्गातल्या, शेवटच्या बाकावरच्या एका मित्राने. त्याचा आता बाजारपेठेत स्टुडिओ आहे आणि तो आत्ता मागे उभा राहून माझ्याकडे बघून हसतोय. शाळेत मी त्याला गणितं दाखवायचे, आता हिशेब फिटला.

पहिला प्रश्न, डोकं किती वळतं? वर पूर्ण ९० अंश, आणि डावी-उजवीकडे दोन्ही बाजूंना पूर्ण मागे पाहीपर्यंत वळलं पाहिजे. हे नसेल तर बाकी काहीही असलं तरी घेऊ नका. लग्नात आपण उभे फोटो खूप काढतो, आणि उजेड छतावर किंवा मागच्या भिंतीवर टाकूनच चेहरे चांगले येतात. छतावर उजेड टाकला की ते पांढरं छतच मोठा दिवा होतं.

त्यात ताकद किती लागते, याचं गणित एकदा करूनच बघू. हॉलचं छत फ्लॅशपासून अडीच मीटर वर आहे. उजेड अडीच मीटर वर जाणार, अडीच मीटर खाली येणार, म्हणजे निदान ५ मीटरचा प्रवास. ३६ भागिले ५, म्हणजे साधारण एफ ७. छत थोडा उजेड पिऊन टाकतं आणि बराचसा भलतीकडे पसरवतं. त्यात चौथाईच हाती लागला असं धरा, तर एफ ३.५. हे आयएसओ १०० ला. आयएसओ ८०० केला की तोच फ्लॅश एफ १० पर्यंत पोचतो. आपल्याला तर एफ ४ च हवा असतो. म्हणजे फ्लॅश साधारण एक षष्ठांश ताकदीवर उडेल. उरलेली ताकद शिल्लक. ती कशाला उपयोगी पडते ते पुढे येईलच.

दुसरा प्रश्न, माझ्या कॅमेऱ्याशी तो बोलतो का? खाच बहुतेक कॅमेऱ्यांवर सारखी दिसते, पण मधल्या मोठ्या बिंदूशिवाय बाकीचे छोटे बिंदू कॅनन, निकॉन आणि सोनी यांचे वेगवेगळे असतात. मधला बिंदू फक्त "उड" एवढंच सांगतो. बाकीचे बिंदू किती ताकदीने उडायचं ते सांगतात. या दुसऱ्या पद्धतीला टीटीएल म्हणतात. खऱ्या फोटोच्या क्षणभर आधी फ्लॅश एक बारीक उजेड टाकतो, कॅमेरा भिंगातून आत आलेला उजेड मोजतो आणि ताकद ठरवतो. लग्नात हे फार कामाचं. गोरज मुहूर्त असेल तर दर मिनिटाला उजेड उतरत असतो, माणसं पुढेमागे होत असतात, आकडे फिरवत बसायला वेळ नसतो. पण टीटीएल फसतोही. शालूची जर फ्लॅशला लखकन चमकते, कॅमेऱ्याला वाटतं उजेड फार झाला, तो ताकद कमी करतो आणि नवरीचा चेहरा काळवंडतो. उलट नवरदेवाच्या काळ्या कोटाला बघून तो ताकद वाढवतो आणि चेहरा पांढरा पडतो. म्हणून फ्लॅशची ताकद थोडी कमी-जास्त करायचं बटण अंधारात, न बघता सापडेल असं असावं. दुकानात डोळे मिटून सापडतंय का बघा. दुकानदार हसेल, हसू दे.

नुसते ठरवून बसवलेले पोर्ट्रेट काढायचे असतील तर टीटीएलची गरज नाही. माणूस खुर्चीवर बसलाय, फ्लॅश स्टँडवर आहे, अंतर बदलत नाही. एकदा हाताने ताकद ठरवली की पन्नास फोटो सारखे येतात. त्यामुळे शिकणाऱ्या मुलांना मी साधा, हाताने ताकद ठरवायचा फ्लॅश सुचवते. स्वस्त पडतो आणि डोकं चालवावं लागतं.

तिसरा प्रश्न, पुन्हा तयार व्हायला किती वेळ लागतो? माझा सूनमुखाचा दुसरा फोटो इथे हुकला. फ्लॅशच्या आत एक कपॅसिटर असतो. बॅटरी त्यात सुमारे ३०० व्होल्ट दाबाने विद्युतभार साठवते, आणि तो सगळा एका झटक्यात झेनॉन वायूच्या नळीत सोडला की उजेड पडतो. पूर्ण ताकदीने उडवलं तर पूर्ण भरावं लागतं. एक षष्ठांश ताकदीने उडवलं तर आजचे फ्लॅश उरलेला भार वाचवतात, आणि पुढचा फोटो जवळजवळ लगेच काढता येतो. मघाची शिल्लक ताकद इथे उपयोगी पडते. अक्षता पडतानाचे लागोपाठ चार फोटो हवे असतील तर फ्लॅश मोठा घ्या आणि त्याला कमी राबवा.

इथे बॅटरीचा प्रश्न येतो. चार पेन्सिल सेलवर चालणारे फ्लॅश आहेत, आणि स्वतःची लिथियम बॅटरी असलेले आहेत. उदाहरण म्हणून गोडॉक्सचे दोन फ्लॅश घेऊ. कंपनीच्या माहितीनुसार, पेन्सिल सेलवरचा टीटी६८५ पूर्ण ताकदीने उडाल्यावर तयार व्हायला जास्तीत जास्त २.६ सेकंद घेतो आणि सेलच्या एका संचात सुमारे २३० वेळा उडतो. लिथियम बॅटरीवरचा व्ही८६० ३ हा दीड सेकंदात तयार होतो आणि सुमारे ४८० वेळा उडतो. धंदा करणाऱ्याने लिथियम घ्यावा. घरगुती वापराला पेन्सिल सेल चांगले, कारण अडल्यावेळी ते कुठल्याही वाण्याकडे मिळतात. मात्र रोजचे म्हणून पुन्हा चार्ज होणारे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरा. त्यांचा दाब साध्या अल्कलाइन सेलपेक्षा कमी, १.५ ऐवजी १.२ व्होल्ट, पण आतला रोध कमी असल्यामुळे ते भार झपाट्याने देतात आणि फ्लॅश लवकर तयार होतो. ओहमचा नियम, बाई! चार-चारचे दोन-तीन संच रबरबँडने बांधून ठेवा. आणि फ्लॅश महिनोन्महिने ठेवून द्यायचा असेल तर सेल काढून ठेवा, नाहीतर ते पाझरतात आणि आतल्या पट्ट्या खराब होतात.

चौथा प्रश्न, कॅमेऱ्यापासून दूर ठेवून तो रेडिओने उडतो का? जुन्या पद्धतीत एक फ्लॅश दुसऱ्याचा उजेड पाहून उडायचा. ती पद्धत लग्नात कामाची नाही. मांडवात दुसरा फोटोग्राफर असतो, त्याचा फ्लॅश उडला की तुमचाही उडतो, आणि तुम्ही बटण दाबाल तेव्हा तो रिकामा असतो. वर उजेड अडला की सगळंच बंद. आता रेडिओलहरींवर चालणारे फ्लॅश स्वस्तात मिळतात. मात्र एकदा एका कंपनीची रेडिओ पद्धत घेतली की पुढचे सगळे फ्लॅश आणि कॅमेऱ्यावर बसवायचा ट्रिगर त्याच पद्धतीचे घ्यावे लागतात. आमच्या व्यवसायात याला आम्ही चांगलेच सरावलेलो आहोत. पहिला निर्णय घेताना दोन मिनिटं जास्त लावली तर पुढची दहा वर्षं सुखाची जातात.

पाचवा प्रश्न, वेगवान शटरला तो चालतो का? कॅमेऱ्यात दोन पडदे असतात. साधारण १/२०० सेकंदापर्यंत एक पडदा पूर्ण उघडतो आणि मग दुसरा मिटतो. मधल्या क्षणी फ्लॅश उडतो. त्याहून वेग वाढवला तर दुसरा पडदा आधीच निघतो, आणि फोटोत आडवी काळी पट्टी येते. हाय स्पीड सिंक असलेला फ्लॅश त्या वेळी एकदाच न उडता भरभर उडत राहतो आणि सगळं चित्र उजळतो. भर दुपारी, उन्हात, मागचं अंधूक करून नवरा-नवरीचा फोटो काढायचा असेल तर हे लागतं. पण यात ताकद बरीच खर्च होते, म्हणून फ्लॅश जवळ न्यावा लागतो. फक्त हॉलमधली लग्नं करणाऱ्याला हे नसलं तरी चालतं.

आता आपल्याकडच्या लग्नांतल्या दोन अडचणी. पहिली, मांडवाचं कापड. छताला जांभळं किंवा लाल कापड लावलेलं असेल आणि तुम्ही त्यावर उजेड टाकला, तर नवरीचा चेहरा जांभळा येतो. अशा वेळी मागे किंवा बाजूला एखादी पांढरी भिंत शोधा. तीही नसेल तर घरच्या कुणाला तरी पांढरा थर्माकोलचा पत्रा धरून उभं करा. रात्रीच्या लॉनवर तर वर फक्त आभाळ असतं. तिथे फ्लॅश वर करून त्याला प्लॅस्टिकची टोपी घालून फिरणारे खूप दिसतात. ती टोपी उजेड चारी दिशांना उधळते, पण परत पाठवायला भिंतच नाही, त्यामुळे फुकट सेल जळतात. तिथे फ्लॅश कॅमेऱ्यापासून काढा आणि छोट्या छत्रीत घालून भाच्याच्या हातात द्या.

दुसरी अडचण, रंग. फ्लॅशचा उजेड दुपारच्या उन्हासारखा, साधारण ५५०० केल्व्हिन. हॉलचे पिवळे दिवे आणि व्हिडिओवाल्याचा हॅलोजन ३२०० च्या आसपास. चेहरा निळसर पांढरा आणि मागचं सगळं नारिंगी, असे फोटो तुम्ही पाहिले असतील. फ्लॅशच्या तोंडावर नारिंगी जिलेटिनचा तुकडा लावला की दोन्ही उजेड सारखे होतात. ही पट्टी अगदी थोड्या पैशांत येते, आणि माझ्या मते फ्लॅशसोबत घ्यायची पहिली वस्तू हीच.

जुन्या फ्लॅशबद्दल एक सूचना. घरात काकांचा, मामांचा रिळाच्या काळातला फ्लॅश असेल तर तो नव्या कॅमेऱ्यावर बसवू नका. त्यातल्या काहींच्या मधल्या बिंदूवर शेकडो व्होल्ट दाब असतो आणि नव्या कॅमेऱ्याची आतली पाटी जळू शकते. आणि कुठलाही फ्लॅश स्वतः उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. तो बंद असला, सेल काढलेले असले, तरी कपॅसिटरमध्ये भार उरलेला असतो.

तर आता "कुठला घेऊ?" वर येते. लेकीला शिकण्यासाठी हवा असेल, तर हाताने ताकद ठरवायचा, रेडिओवर चालणारा साधा फ्लॅश, एक ट्रिगर, एक स्टँड आणि मीटरभराची पांढरी छत्री. गोडॉक्सचा टीटी६०० या वर्गातला. घरच्या लग्नात फोटो काढायचे असतील, तर आपल्या कॅमेऱ्याच्या कंपनीसाठी बनवलेला टीटीएल फ्लॅश, पेन्सिल सेलवरचा चालेल. जोडधंदा करणाऱ्याने लिथियम बॅटरीवरचे, एकाच पद्धतीचे, एकसारखे दोन घ्यावेत. दोन यासाठी, की पूर्ण ताकदीने सतत उडवला की फ्लॅश तापतो आणि स्वतःला वाचवण्यासाठी मंद होतो किंवा थांबतो. मंगलाष्टकं चालू असताना "जरा थांबा" असं गुरुजींना सांगता येत नाही. कॅमेऱ्याच्या मूळ कंपनीचा फ्लॅश घ्यायचा का? ऐपत असेल तर घ्या, उत्तमच असतात. पण एका उंची फ्लॅशच्या किमतीत इतर कंपन्यांचे दोन आणि वर छत्री येत असेल, तर मी दोन घेईन.

आणि कुठलाही घेतला तरी लग्नाच्या आधी पंधरा दिवस घरात आणा. घरातल्या माणसांना खुर्चीवर बसवा, छत, भिंत, पडदा सगळीकडे उजेड टाकून बघा. नवं यंत्र थेट मांडवात उघडायचं नाही. मी तो प्रयोग करून झालाय.

शेवटची गोष्ट सांगते आणि थांबते. या स्मरणिकेसाठी शिक्षकांचे फोटो काढायचं काम माझ्याकडे आलं. काल संध्याकाळी मी प्रयोगशाळेत छत्री उभी केली. पहिल्या बसल्या त्या विज्ञानाच्या बाई. बाईंचा चष्मा तुम्हा सगळ्यांना आठवतो, त्या चष्म्याच्या वरून बघितलं की आपली बोबडी वळायची. पहिल्याच फोटोत दोन्ही काचांवर दोन छत्र्या उमटल्या आणि डोळे गायब. बाईंनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो पाहिला आणि मला विचारलं, "आता काय करशील?" तोच आवाज. मी एकदम उभी राहिले, म्हणजे उभीच होते, पण सरळ झाले. म्हणाले, "बाई, आपतन कोन बदलेन." मग दिवा थोडा वर आणि बाजूला नेला, आणि बाईंना चष्म्याच्या काड्या कानावरून केसभर उचलायला सांगितल्या, म्हणजे काचा खाली झुकल्या आणि छत्र्यांचं प्रतिबिंब भिंगाऐवजी जमिनीकडे गेलं. फ्लॅश एक अष्टमांश ताकदीवर, आयएसओ २००, एफ ५.६. बाई म्हणाल्या, "बरोबर. बस." आणि हसल्या. तेवढ्यात मी बटण दाबलं. फ्लॅश तयार होता. लगेच दुसराही घेतला.

आईचा तसा फोटो माझ्याकडे नाही, आणि आता येणारही नाही. पण तुम्हा सगळ्यांचा येऊ शकतो. जेवणानंतर तासभर मी प्रयोगशाळेत आहे. छत्री उभी आहे, सेल भरलेले आहेत. आधी सगळे शिक्षक, मग आपण. पोट आत घ्यायची गरज नाही, मी फक्त चेहरा घेते. ज्यांना फ्लॅश घ्यायचा आहे त्यांनी माझा हातात घेऊन डोकं फिरवून बघावं, बटण डोळे मिटून सापडतंय का बघावं. आणि ज्यांचे आई-वडील आज सोबत आले आहेत, त्यांनी त्यांना नक्की घेऊन यावं. रांग लागली तरी चालेल, मी थांबते.



ता. क. : त्या दुपारी काढलेले फोटो याच स्मरणिकेत शिक्षकांच्या आणि वर्गाच्या विभागांत छापले आहेत. बाईंनी निवडलेला फोटो दुसरा आहे, पहिला नव्हे.